सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे, पण कशाने?

प्रश्न निपाणीच्या एका तरुण इंजिनियरचा आहे. थोडक्यात असा: आईचे गुडघे दुखतात. एका शिबिरात त्यांना सांगण्यात आलं की विश्वातली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूशी जोडलेली आहे. हे बुद्धाने सांगितलं, ज्ञानोबांनी सांगितलं, आणि आता क्वांटम भौतिकीनेही सिद्ध केलं. म्हणून फोटो पाठवला तरी दूर बसून उपचार होतो. मुलाला हे पटत नाही. पण घरात हरिपाठ आहे, पारायण आहे, त्यामुळे ‘हे विश्वचि माझे घर’ खोटं आहे असं म्हणायला जीभही वळत नाही. तर हे विधान खरं मानायचं का, आणि हे तिघे एकच गोष्ट सांगतात का?

मी बेळगावात तत्त्वज्ञान शिकवत आलो. वर्गात निम्मी मुलं मराठी, निम्मी कन्नड. हा प्रश्न दोन्ही भाषांत दरवर्षी यायचा, आणि बहुतेकदा ‘खरं ना सर?’ अशा थाटातच यायचा. माझं उत्तर सरळ आहे. ‘सगळं जोडलेलं आहे’ एवढंच म्हटलं तर काहीच सांगून होत नाही. कशाने जोडलेलं, किती घट्ट, आणि कुठून कुठे, ही तीन उत्तरं आली की मगच त्या वाक्याला खरं किंवा खोटं म्हणता येतं. ज्या परंपरांनी ही कल्पना मनापासून घेतली, त्या या बाबतीत शिबिरवाल्यांपेक्षा फार कडक होत्या.

आपल्या खानापूर तालुक्यातलंच बघा. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढे बसवेश्वरांच्या कुडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरातून कळसा नाला पश्चिमेकडे म्हादईला मिळतो, म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्र गाठते. एकाच शिवारात पडलेल्या पावसाचे दोन थेंब, मधे एक टेकाड, आणि दोघांचे समुद्र वेगळे. कणकुंबीचं पाणी कुडलसंगमाशी जोडलेलं आहे, पण हाकेच्या अंतरावरच्या ओढ्याशी नाही. संबंध असा असतो. जवळच्याला सोडून तो लांबच्याला धरतो, आणि उताराच्या दिशेनेच जातो.

हे दोन प्रवाह माणसाने जोडायचे म्हटले तर काय होतं, तेही आपण पाहतोच आहोत. कळसा-भांडुरा योजना म्हणजे तेच. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी कालव्याने मलप्रभेत आणायचं. त्यासाठी तीन राज्यांचा लवाद २०१० साली नेमला गेला. २०१८ साली त्याने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि त्यातलं मलप्रभेत वळवायला फक्त ३.९. तरीही मामला सर्वोच्च न्यायालयात गेलाच. सगळं मुळातच सगळ्याशी जोडलेलं असतं तर एवढा खटाटोप कशाला? जोड नसणं हीसुद्धा जगाची तितकीच खरी गोष्ट आहे. गोव्याचे लोक नेमकं तेच टिकवायला भांडतात.

उलट बाजूने कृष्णाकाठ बघा. चिकोडी, अथणी, रायबागच्या माणसाला संबंध समजावून सांगावा लागत नाही. कोयनेतून पाणी सुटलं की कल्लोळच्या बंधाऱ्यावर नजर लागते. २००५, २०१९, २०२१ या तीन पुरांनी ते शिकवलंय. कृष्णेवर खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद मात्र नीट ऐका, कारण आपला प्रश्न त्यात अगदी ठळक दिसतो. धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० साली दिली. सांगली-कोल्हापूरकडचे लोक म्हणतात, फुगवट्याने आमच्याकडे पूर चढतो. २०१९च्या पुरानंतर महाराष्ट्रानेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अनेकांना तो निष्कर्ष आजही मान्य नाही. भांडण आहे ते धरण आणि नदी एकमेकांशी जोडलेली आहेत का याचं नव्हे. फुगवट्याची शेपटी कुठवर पोचते, कोणत्या पातळीला आणि किती फूट, याचं आहे. तिथे कोणी उठून ‘अहो, शेवटी सगळंच जोडलेलं आहे’ म्हणाला तर त्याला दोन्ही काठांवरचे लोक खाली बसवतील.

आता शास्त्राकडे. कारण म्हणजे काय, यावर आपल्याकडे सर्वांत बारीक विचार नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या तार्किकांनी, केला, आणि त्यांचं आवडतं उदाहरण घडा. खानापूरला हे शिकवायला मला नेहमी बरं वाटायचं. तिथली माती आणि तिथलं कुंभारकाम प्रसिद्ध आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही तिथेच आहे, त्यामुळे मुलांना चाक आणि दांडा चित्रात दाखवावा लागत नसे. तर घडा तयार झाला. त्याच्या आधी काय काय होतं? माती, चाक, चाक फिरवायचा दांडा, कुंभार. शिवाय दांड्याचा रंग होता. कुंभाराचा बाप होता. माती वाहून आणणारं गाढव होतं. आकाश होतं. एका अर्थी या सगळ्यांचा घड्याशी संबंध आहेच. मग सगळीच घड्याची कारणं म्हणायची का?

नाही, असं सतराव्या शतकातल्या नव्यन्यायाच्या (न्यायाच्या नंतरच्या शाखेच्या) पाठ्यपुस्तकांत स्पष्ट सांगितलं आहे. कार्याच्या आधी नेमाने असणं पुरत नाही, ते ‘अन्यथासिद्ध’ नसावं लागतं. म्हणजे त्याच्यावाचून काम भागत असेल, किंवा त्याचं आधी असणं दुसऱ्याच कशामुळे आलेलं असेल, तर ते कारणांच्या यादीतून बाद. दांड्याचा रंग बाद, कारण तो दांड्याबरोबर फुकट आलाय. बाप बाद, तो कुंभाराचं कारण आहे, घड्याचं नव्हे. गाढव बाद, माती बैलगाडीतूनही येते, डोक्यावरच्या पाटीतूनही येते. या गाढवावर मुलं हमखास हसायची आणि परीक्षेत हमखास तेवढंच लिहायची.

पण मला त्या यादीत सर्वांत मोलाचं वाटतं ते आकाश. आकाश विभू आहे, सर्वत्र आहे, प्रत्येक घड्याच्या आधी आहे. संबंधच मोजायचा तर त्याच्याइतका सगळ्यांशी संबंध कोणाचाच नाही, आणि तरीही ते घड्याचं कारण नाही. शास्त्रकार याचं तांत्रिक कारण असं देतात की आकाशाची ओळखच मुळी शब्दाचं कारण म्हणून होते, घड्याच्या बाबतीत त्याचं असणं आनुषंगिक ठरतं. मी त्यातून एवढं घेतो: जे सगळ्यांशी सारखंच जोडलेलं आहे, ते एकाही गोष्टीचा उलगडा करत नाही. घडा का झाला, याला ‘आकाशामुळे’ हे उत्तर चुकीचं म्हणण्यापेक्षा निकामी आहे, कारण घडा न होता तरी आकाश होतंच. नैयायिक आडमुठे नव्हते. ईश्वर, दिशा, काळ, अदृष्ट (पूर्वकर्माचा न दिसणारा प्रभाव) यांना त्यांनी ‘साधारण कारण’ म्हणून वेगळ्या पाटावर बसवलंच. पण त्या पाटावरून उठून कोणी दांड्याची जागा घेऊ लागला तर ते चालू देत नसत.

तुमच्या आईंच्या फोटोचा निकाल इथेच लावू. कारण ओळखायची न्यायातली रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक: ते असलं की कार्य होतं, आणि ते नसलं की होत नाही. शिबिराच्या माणसाला नम्रपणे विचारा, फोटो आईंच्याऐवजी शेजारच्या काकूंचा गेला तर गुडघा कोणाचा बरा होईल? आणि उपचार चालू आहे हे आईंना कळलंच नाही, तर तेवढाच गुण येईल का? ‘सगळंच जोडलेलं असल्यामुळे फोटो कोणाचा याने फरक पडत नाही’ असं उत्तर आलं, तर मग फीसुद्धा कोणाच्या खात्यात जमा होते याने फरक पडायला नको. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तो माझा विषय नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

बुद्धाचं नाव घेतलं गेलंय, तर तेही तपासून घेऊ. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे गोष्टी कारणांवर अवलंबून घडतात हा त्याचा सिद्धान्त. त्याचं मूळ सूत्र पालीत असं आहे: ‘इमस्मिं सति इदं होति’, हे असताना ते होतं. आणि त्याचा जोडीदार: हे नसताना ते होत नाही. ‘हे’ आणि ‘ते’ दोन्ही नेमके आहेत, हे लक्षात घ्या. बारा निदानांची, म्हणजे दुःखाच्या कारणांची, जी साखळी आहे, अविद्येपासून जरामरणापर्यंत, ती कशासाठी मांडली? तोडता यावी म्हणून. वेदना होते, तिच्यातून तृष्णा येते, तिथे लक्ष ठेवलं तर पुढची कडी घडत नाही. सगळं सगळ्याला सारखंच बांधलेलं असतं तर साखळी कुठे तोडायची हा प्रश्नच उरला नसता, आणि दुःखनिरोध हे आर्यसत्यही उरलं नसतं. थेरवादी अभिधम्माने, म्हणजे पाली परंपरेतल्या तत्त्वचर्चेच्या ग्रंथांनी, तर प्रत्ययांचे, म्हणजे एक गोष्ट दुसरीला कोणकोणत्या प्रकारे आधार देते याचे, २४ प्रकार मोजले. ‘जोडलेलं आहे’ एवढ्यावर भागलं असतं तर इतका उपद्व्याप कोणी केला असता?

मजा म्हणजे बौद्धांच्याच सर्वास्तिवादी शाखेत तुमच्या वक्त्याच्या सर्वांत जवळ जाणारं एक मत सापडतं. वसुबंधू या बौद्ध आचार्याने ते नोंदवलं आहे. प्रत्येक धर्म, म्हणजे अस्तित्वाचा प्रत्येक मूळ घटक, स्वतःला सोडून बाकी सगळ्यांचं कारण असतो. याला ते कारणहेतू म्हणतात. वक्त्याला हे सापडलं असतं तर त्याने फलकावर लिहिलं असतं! पण कोणत्या अर्थाने कारण? अडथळा न करण्याच्या अर्थाने. गावकरी म्हणतात ना, आमच्या मालकामुळे आम्ही सुखी आहोत, आणि त्याने दिलेलं काहीच नसतं, फक्त छळलेलं नसतं. तसं. म्हणजे सर्वांचा सर्वांशी संबंध त्यांनी मान्य केला, आणि लगेच त्याची किंमतही सांगून टाकली: सर्वांत पातळ संबंध. बी उगवण्यात बीचा वाटा वेगळा, आणि मधे न आलेल्या डोंगराचा वेगळा.

पुढे नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने प्रतीत्यसमुत्पादालाच शून्यता म्हटलं. ज्याअर्थी वस्तू दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याअर्थी तिला स्वतःचा असा स्वभाव नाही. आणि चीनमध्ये हुआयेन पंथाच्या फात्सांगने (६४३–७१२) गाठीगाठीला रत्न असलेल्या इंद्राच्या जाळ्याचं रूपक घेऊन, प्रत्येक रत्नात बाकी सगळी रत्नं दिसतात, अशी टोकाची मांडणी केली. हे विचार खोल आहेत, पण त्यांना फोटोवरच्या उपचाराची पावती करता येत नाही. वस्तूंना ठाम गाभा नाही, हे ऐकून हातातली पकड सैल व्हावी असा त्यांचा हेतू. दूरवरच्या गुडघ्यावर पकड बसवण्याचा नव्हे.

आपल्या भागात जैन विचार सोडून हा विषय पुरा होत नाही. बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचं आहे, आणि निपाणी-चिकोडीकडे तर शेतात घाम गाळणारा जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. आचारांग या जैन आगमात एक ओळ आहे: ‘जे एगं जाणइ से सव्वं जाणइ’. जो एकाला जाणतो तो सर्वांना जाणतो, आणि जो सर्वांना जाणतो तोच एकाला जाणतो. ऐकायला ही शिबिराचीच ओळ वाटते. जैन तार्किकांनी मात्र ती अशी उलगडली: एक वस्तू पुरती कळायची तर ती काय आहे एवढंच नाही, ती काय काय नाही, हेही कळावं लागतं. आणि ‘नाही’ची यादी म्हणजे बाकी सगळं जग. असं ज्ञान फक्त केवलीला, म्हणजे सर्वज्ञ झालेल्याला. तुम्हाआम्हाला एका बाजूने दिसतं, म्हणून प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावा, अमुक अपेक्षेने म्हणा. बघा, सर्वांच्या संबंधावरून त्यांनी कोणता निष्कर्ष काढला: आपल्याला थोडंच कळतं. शिबिरात त्याच संबंधावरून उलटा निष्कर्ष निघाला, की आपल्याला सगळं करता येतं.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथातलं ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ तुम्ही जैन प्रतीकाखाली वाचलं असेल. महावीर निर्वाणाच्या २५००व्या वर्षाच्या निमित्ताने ते प्रतीक सर्व पंथांनी स्वीकारलं. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं, असं आपण ते सहसा वाचतो. सूत्राच्या जागी ते वर्णन आहे: आकाश जागा देतं, पुद्गल (जड द्रव्य) शरीर-वाणी देतो, तसं जीव एकमेकांवर परिणाम करतात. भाष्यकार मालक-नोकर, गुरू-शिष्य अशी उदाहरणं देतात. उपकार म्हणजे गोडवाच असं नाही. साखर कारखाना आणि ऊस उत्पादक एकमेकांशी किती घट्ट जोडलेले आहेत हे चिकोडीत कोणालाही विचारा, आणि मग बिलाबद्दल विचारा. घट्ट संबंधातून प्रेम आपोआप येत नाही. ते वेगळं कमवावं लागतं.

भौतिकशास्त्राचं दोन परिच्छेदांत उरकतो, कारण तुम्ही इंजिनियर आहात. न्यूटनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढतो, हे खरं. पण अंतराच्या वर्गाने ती ओढ घटते. कागदावर हिशेब करून बघा: शनी बाळाला जेवढा ओढतो, साधारण तेवढंच बाळंतपणाच्या वेळी अर्ध्या मीटरवर उभी असलेली साठ किलोची नर्स ओढते. साडेसाती मोजायचीच असेल तर दवाखान्यातली ड्युटीची यादीही मागवायला हवी.

क्वांटम गुंतणं, म्हणजे दोन कण लांब असूनही त्यांची मोजमापं एकमेकांशी जुळणं, खरं आहे. त्यावरच्या प्रयोगांना २०२२चं नोबेल मिळालं, आस्पे, क्लॉझर आणि त्सायलिंगर यांना. पण गुंतलेल्या कणांतून संदेश पाठवता येत नाही, हे त्याच सिद्धान्तातून निघतं. आणि ते गुंतणं इतकं नाजूक, की आजूबाजूच्या धक्क्यांनी चटकन विरतं, म्हणून प्रयोगशाळेत ते जपावं लागतं. आईंचा गुडघा आणि तिचा मोबाइलमधला फोटो यांना कोणी तसं जपलेलं नाही. उलट आइन्स्टाइननंतरचं भौतिकशास्त्र सांगतं की प्रकाश पोचला नाही तिथवर कशाचाच परिणाम पोचत नाही. सूर्यावर या क्षणी जे घडतंय त्याच्याशी आपला आठ मिनिटांसाठी काहीच संबंध नाही.

आता तुमच्या घरातला खरा पेच. शिबिरात ज्ञानोबांना बुद्ध आणि भौतिकीच्या रांगेत उभं केलं, तिथेच घोळ झाला. जोडलेलं असणं आणि एक असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जोडायला निदान दोन लागतात. अद्वैत म्हणतं, दोन नाहीतच. शंकराचार्यांनी तर ब्रह्मसूत्रभाष्यात वैशेषिकांच्या समवाय संबंधावरच (वस्तू आणि तिचे गुण यांना जोडणाऱ्या अतूट संबंधावरच) घाव घातला: दोन वस्तूंना जोडायला संबंध मानला, तर त्या संबंधाला वस्तूंशी जोडायला आणखी एक संबंध लागेल, त्याला आणखी एक, आणि याला शेवट नाही. म्हणजे अद्वैताला ‘सगळं जोडलेलं आहे’ या पक्षाचा साक्षीदार म्हणून बोलावलं, तर तो साक्षीदार उलटतो. नैयायिक संबंध मोजतात, बौद्ध संबंधांतून वस्तूच विरघळवतात, अद्वैती संबंधाची गरजच नाकारतात. तिघांना एका माळेत ओवणारा माणूस तिघांपैकी एकालाही वाचलेला नसतो. हे माझं मत जरा कडक आहे, पण ते मी बदललेलं नाही.

माझा स्वतःचा कल विचाराल तर रोजच्या व्यवहारात मी नैयायिक आहे. गाढव कोण आणि दांडा कोण हे आधी ठरवतो. अद्वैताबद्दल मी वाद घालत नाही, कारण ते दोन वस्तूंमधल्या परिणामाविषयीचा दावाच करत नाही. आणि माउलींची ती ओवी त्याहूनही वेगळ्या जागी आहे. ‘हें विश्वचि माझें घर । ऐसी मति जयाची स्थिर । किंबहुना चराचर । आपण जाहला’. ज्या श्लोकावर ही ओवी आहे, त्यात भक्ताची लक्षणं चालू आहेत: निंदा-स्तुती सारखी, मिळेल त्यात संतुष्ट, आणि ‘अनिकेत’, म्हणजे ज्याला राहायला घर नाही असा. ज्याला घर नाही त्याच्याबद्दल ज्ञानदेव म्हणतात की विश्वच त्याचं घर. हे एका माणसाच्या वृत्तीचं वर्णन आहे, ती कोणाला साधते आणि कोणाला नाही. विश्वाच्या तारा एकमेकींत कशा गुंतल्यात याबद्दल तिथे अक्षर नाही, त्यामुळे शिबिर खोटं ठरलं म्हणून ओवीला धक्का लागत नाही. वक्त्याने ओवी घेतली आणि श्लोक सोडला. घरच्या पोथीत १२व्या अध्यायातला १९वा श्लोक काढा आणि आईंबरोबर बसून पुढच्या ओव्या सलग वाचा.